सबनीसकाका आणि गाळलेली पानं

सिनेमाला टॉर्च घेऊन जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नॉटिंगहॅमला माझ्या शेजारी राहणारे डॉ. सबनीस. दिवसभर हॉस्पिटलमध्ये एक्स-रे वाचायचे आणि घरी आले की उशीएवढ्या जाड, जादूगारांच्या कादंबऱ्या. त्या वर्षांत दर हिवाळ्यात अशा एखाद्या कादंबरीचा सिनेमा यायचाच. काका मांडीवर पुस्तक उघडून बसत, आणि शेजारी साक्षीदार म्हणून मी.

"गाळलं!" ते कुजबुजायचे. ती कुजबुज चार रांगांना ऐकू जायची.

एकदा पुढच्या बाई वळून म्हणाल्या, "डू यू माइंड?"

"ऑफ कोर्स आय माइंड, मॅडम! अख्खा चॅप्टर गेला!"

गाडीत बसलं की व्याख्यान सुरू. "हे लोक तीन माणसं गाळतात आणि एक लढाई वाढवतात. त्यापेक्षा कॉमिकवाले बरे. हल्ली चौकटच्या चौकट उचलून पडद्यावर ठेवतात."

"काका, सातशे पानं अडीच तासांत कशी मावणार?"

"मग दोन भाग काढा म्हणावं!"

एका रविवारी सकाळचा शो संपला, तरी काका गाडी सुरू करेनात. "मुग्धाचा फोन येईल," म्हणाले. "साउथहॅम्प्टनचा शोही आत्ताच सुटला असेल." मुग्धा त्यांची एकुलती एक मुलगी. तिथे युनिव्हर्सिटीत शिकत होती.

"तुम्हा दोघांनाही ड्रॅगनचं वेड दिसतंय," मी म्हणालो.

"मला? छे रे. मला ड्रॅगन मुळीच आवडत नाहीत." ते काचेतून कार पार्ककडे बघत राहिले. "हिची आई गेली तेव्हा मुग्धा चौदा वर्षांची होती. माझ्याशी बोलेनाशीच झाली. दार लावून ही पुस्तकं वाचत बसायची. मग मीही वाचायला घेतली. एकदा जेवताना मी कुठल्याशा राजाचं नाव चुकीचं उच्चारलं. ती म्हणाली, 'असं नाही म्हणत, बाबा.' चार महिन्यांनी तिचा आवाज ऐकला मी. दुसऱ्या दिवशी आणखी दोन नावं मुद्दाम चुकवली."

तेवढ्यात फोन वाजला. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"बाबा, किती गाळलं?"

"एकोणीस ठिकाणी!"

"फक्त? म्हातारी राणी मोजली का?"

"अरेच्चा! ती राहिलीच की!"

पुढची वीस मिनिटं दोघांनी त्या दिग्दर्शकाची सालं काढली. मग विषय संपला. काका पुस्तकाची पानं उगाच पुढेमागे करत होते, बोलायला आणखी काही सापडतंय का बघत.

"बाबा," इतका वेळ इंग्रजीत बोलणारी ती जरा अडखळत मराठीत म्हणाली, "तू... जेवली का?"

काकांचा हात पानावरच थांबला.

"हो गं," ते म्हणाले. "जेवलो."

सकाळपासून आमच्या दोघांच्याही पोटात मूठभर पॉपकॉर्नखेरीज काही नव्हतं. काकांनी फोन खिशात ठेवला, चष्मा पुसला आणि गाडी सुरू केली.

"चल, आधी कुठेतरी पोटभर जेवू," ते म्हणाले. "पोरीशी खोटं बोललो असं नको व्हायला."