सोनेरी केसांची माशी

फोटो दाखवा, माशीचं नाव सांगतो! पाणथळीतली कुठलीही माशी! पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मी दुसरं केलंय काय? पण ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावच्या आमच्या पाणथळ मंडळात ओळखप्रमुख कोण, तर अकरा वर्षं मर्लच. तिचं एकच पालुपद. "नेव्हिल, माशी हातात घेतल्याशिवाय नाव सांगू नये."

यंदा निवडणूक होती आणि ते पद मला हवंच होतं. तीन आठवडे आधी लव्हाळ्यात एक माशी दिसली. चिखलात कोण उतरणार? लांबूनच फोटो काढला. छातीवर दाट सोनेरी केस! असली माशी एकाही पुस्तकात नव्हती. मी फोटो माश्यांच्या वेबसाइटवर ठोकून दिला : 'नवी जात!' तिथे आणखी दोघांची संमती लागते. म्हणून बायकोला बसवलं.

"मला माशीतलं काय कळतं?" ग्लेनिस म्हणाली.

"बटण कळतं ना? दाब!"

दुसरी संमती डार्विन शहरात राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याची. त्याने फोटो उघडलाही नाही.

आणि निवडणुकीच्या रविवारी ती नोंद वाचून मेलबर्नहून माशीतज्ज्ञ डॉक्टर थिया हजर! सगळं मंडळ गमबूट घालून काठावर. मी ऐटीत बोट दाखवलं. माशी तिथेच!

"तीन आठवडे इथेच बसलीय?" थियाबाईंनी विचारलं.

"थंडी आहे ना!"

बाई कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या, माशी चिमटीत धरली आणि किंचाळल्या, "आई गं! चावली!"

'चावणारी जात,' मी वहीत टिपलं.

चावली कसली! बोटात गळ रुतला होता!

"अरे, माझी माशी!" आमचा शेजारी डेस्मंड ओरडला. हा ट्राउट मासे धरायला घरी गळांवर दोऱ्या-पिसांच्या खोट्या माश्या बांधत बसतो. "गेल्या महिन्यात इथेच अडकून तुटली!"

मंडळ पोट धरधरून हसलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मर्ल तेवढी हसली नाही. तिने माशी माझ्या तळहातावर ठेवली.

"घे, आता हातात आहे. निदान केस कशाचे ते तरी ओळख."

मी चष्म्याजवळ नेले आणि क्षणात ओळखले. आमच्या बिस्किटचे! माझ्याच कुत्र्याचे केस डेस्मंड आमच्या कुंपणावरून गोळा करत होता.

वर्षभरात तेवढी एकच ओळख बरोबर आली, तीही हातात घेतल्यावर. मर्ल पुन्हा निवडून आली. तिच्यासाठी सगळ्यात आधी हात वर केला तो ग्लेनिसने!