मागचा एसी आणि आत्याचं दार

"नाना, गाडीतला मागचा एसी बंद कुठून करतात हो?"

हा प्रश्न ओट्यावरच्या चार माणसांदेखत विचारून दाखव, अशी वर्गातल्या पोरींची पैज होती. दाखवला विचारून! सेकंडहँड का होईना, पण मागेसुद्धा एसी असलेली गाडी आमच्या गल्लीत फक्त आमची. अन् तिच्यातलं आपल्याला सगळं कळतं, असं आमचे नाना फैजपूरभर सांगत फिरायचे.

नानांनी मिशीवर हात फिरवला. "बंद कशाले कराचा? उन्हाळ्यात थंडी कोनाले नको झाली?"

ओटा हसला. मला मात्र कळलं, नानांना माहीतच नाही! दहावीचे पेपर संपले होते, विज्ञान सोपं गेलं होतं. म्हटलं, मीच शोधते. ड्रायव्हरच्या डोक्यामागे, छताला एक काळं बटण होतं. फिरवलं. आणखी फिरवलं. हातात आलं! मी ते गुपचूप दप्तरात टाकलं.

दुसऱ्याच दिवशी धुळ्याहून निरोप आला. पुष्पाआत्याच्या सासूबाई गेल्या.

एका लग्नातल्या मानाच्या साडीवरून नाना आणि आत्या चार वर्षं बोलत नव्हते. आई म्हणाली, "आता सांत्वनाला तिच्या दारावर नाही गेलात, तर बहीण कायमची तुटेल." नाना उठले. टोपी घालून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले.

मागे आई, धुरपदाकाकू, शेजारच्या बेबाबाई अक्का आणि मी. भुसावळपर्यंत सगळ्या खूश. जळगावला बोलणं थांबलं. एरंडोलला दात वाजायला लागले. मागच्या काचा तर उघडतच नव्हत्या.

"अहो, बंद करा ना!" आई ओरडली.

नानांनी पुढचं बटण दाबलं. पुढचा एसी बंद झाला आणि मागचा त्याचाही जोर घेऊन सुटला!

"गॅरेजवर तरी थांबा!"

"दारावर चाललो आपन. वाटेत थांबतात का कुठी?"

"लीलाधर," अक्का कुडकुडत नानांना म्हणाल्या, "आता लोकायले माह्याच दारावर या लागीन!"

मागे केळीच्या घडांवर टाकायची ताडपत्री होती. आम्ही चौघी तिच्यात शिरलो.

धुळ्यात, मे महिन्याच्या भर दुपारी, एका ताडपत्रीतून चार बायका उतरल्या. अक्कांनी रडायला तोंड उघडलं. नुसतं दातांचं टकटकटक!

"माय व! बठ्ठ्या कश्या थरथरी राहिन्यात!" आत्याची शेजारीण आम्हा सगळ्यांकडे बघत म्हणाली.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. कोरडे डोळे, मान वळवलेली. आईनं तिचा हात धरला, तशी ती दचकली.

"वहिनी, केवढे गार हात! माह्या सासूसाठी एवढं मनाले लावून घेतलं?"

आणि ती रडली. आधी आईच्या गळ्यात पडून, मग नानांच्या. नानांचेही डोळे भरले. एसीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

मला राहवलं नाही. "आत्या, ही थंडी एसीची आहे. बटण मी तोडलं."

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नाना टोपीशी चाळा करत राहिले. आत्यानं डोळे पुसले.

"म्हंजे दादा, सगळ्या गोठल्या, पन तू थांबला नाही?"

"कसा थांबू, पुष्पे?" नाना एवढंच म्हणाले. आत्यानं त्यांचा हात सोडला नाही.

निघताना ताडपत्री पुन्हा उलगडली गेली. अक्कांनी कानाला पदर बांधला. आईनं मला हाक मारली. मी आत्याला बिलगून, अगदी गंभीरपणे म्हणाले,

"नाना, आई, माझं ठरलंय. मी तेराव्यापर्यंत इथंच राहणार. आत्याला सोबत नको का?"