भरली परात

शनिवारी सामान न्यायला ट्रॅक्टर येणार होता आणि बुधवारी सकाळी सेवकराम गुरुजींच्या ओसरीवर लोकांचीच पितळी भांडी मांडलेली होती. सारी नोकरी गुरुजींनी करडीच्या शाळेत केली. निवृत्तीनंतर आता भाड्याचं घर सोडून दोघं भंडाऱ्याला, मुलाकडे निघाली होती. इतक्या वर्षांत लग्नाकार्यात, सणावारी इकडची भांडी तिकडे झालेली. जानकीबाईंना आपली भांडी पोच्यापोच्यावरून ओळखू यायची. परक्या भांड्यांच्या काठावर ठिपक्यांनी कोरलेली नावं तेवढी गुरुजी वाचून सांगत होते. उभट गंज निर्मलाबाईंचा निघाला, पसरट कोपर सत्यभामाचं.

गुरुजींना बरंच वाटलं. अर्ध्या ट्रॉलीत मावेल तेवढंच आणा, माझ्या दोनच खोल्या आहेत, असं मुलाने, इश्वरने, बजावलं होतं. ज्याचं त्याला देऊन टाकलं की ओझं तेवढंच कमी. त्यांनी गंज उचलला आणि चपला पायात सरकवल्या.

"रिकामा घेऊन चालले काय अजी?" जानकीबाईंनी दारातच अडवलं. "लोकाचं भांडं रिकामं वापस करते का कोणी?"

मग कढई चढली. चिवडा झाला, लाखोरीच्या डाळीचे वडे झाले, आणि भरली भांडी घरोघरी गेली. मोकळ्या ओसरीकडे पाहून गुरुजींनी समाधानाने पान लावलं.

पान रंगायच्या आत उलट फेरी सुरू झाली. गाव सोडून जाणाऱ्या माणसाने भरलं भांडं दिलं, त्याला हात हलवत कसं पाठवायचं? निर्मलाबाईंकडून शिंगाडे आले, सत्यभामाकडून मुरमुऱ्याचे लाडू, शेजारच्या श्यामरावांकडून तर परातभर अनारसे. सगळं अर्थात त्यांच्या त्यांच्या भांड्यांत. गुरुवारी ओसरीवर बुधवारपेक्षा जास्त पितळ होतं आणि जानकीबाई पुन्हा डाळ निवडत होत्या.

ज्या सबुरीने पोरांना त्रैराशिक शिकवलं, त्याच सबुरीने गुरुजींनी बायकोला समजावलं, की हे गणित सुटणारं नाही. कोणीतरी एकाने रिकामं भांडं दिलं तरच थांबेल.

"मंग तुमीच थांबवा," जानकीबाई म्हणाल्या.

गुरुजींनी श्यामरावांची परात चिंच लावून लख्ख घासली आणि तशीच नेऊन दिली. थोड्याच वेळात श्यामरावांची बायको कुसुमताई डोळ्यांना पदर लावून ओसरीवर हजर.

"माय, आमचं काय चुकलं? अनारसे कच्चे राह्यले होते काय? इतक्या वर्साचा शेजार, अन् जाताजाता रिकामी परात?"

मागे श्यामराव उभे होते. लहानपणी पाढा विसरल्यावर गुरुजींसमोर उभे राहायचे, अगदी तसे. समजूत काढायला गुरुजींना त्यांच्याकडे जेवावं लागलं. तोवर गुरुजी गावावर रुसून चालले, अशी बातमी आळीभर झाली, आणि शुक्रवारी त्यांचा रुसवा काढायला आळीच्या आळी भरली भांडी घेऊन आली.

शनिवारी दारात ट्रॅक्टर धडधडत होता आणि ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी गुरुजींनी हात टेकले. हाताला लागेल ते भांडं भर आणि दे, म्हणाले. जानकीबाई भराभर भरत गेल्या, गुरुजी पोचवत गेले, उरलेलं सगळं पोत्यांत कोंबलं. निघताना ही रडली कशी नाही, याचं मात्र गुरुजींना वाटेत नवल वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्यात सून पोती सोडून मांडणी लावत होती. एकेक काठ वाचता वाचता ती थबकली. "मामाजी, ह्या सत्यभामा कोण? अन् ललिताबाई? आपलं तर एकबी भांडं नाही यात."

इश्वर वैतागला. "आपली भांडी कुठं गेली मंग?"

"करडीलेच राह्यली," जानकीबाई शांतपणे म्हणाल्या. "घाईत अदलाबदल झाली. हे नेऊन द्या लागन, आपले आणा लागन."

"जाणाऱ्या-येणाऱ्यासंगं धाडून देऊ."

"रिकामी?"

गुरुजींनी बायकोकडे पाहिलं. ही बाई अंधारातसुद्धा आपला लोटा चुकत नसे. चांगलं खडसावावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण काल श्यामरावांच्या अंगणात दिलेला शेवटचा गंज त्यांना आठवला. देताना काठावरचे ठिपके बोटांना लागले होते. ते आपल्याच वडिलांचं नाव होतं. नीट कळलं होतं, तरी त्यांनी गंज हातातून सोडला होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "लाखोरीची डाळ भिजत घाल. जराशी जास्तच घाल."