संगणक बंद करू नका

वाशीम जिल्ह्यातील एका दाखला कक्षात सोमवारी सकाळी एकमेव संगणकाच्या कार्यप्रणालीचे उन्नतीकरण सुरू झाले आणि बहात्तर टक्क्यांवर थांबले. पडद्यावर दोनच ओळी होत्या. 'बहात्तर टक्के पूर्ण. संगणक बंद करू नका.'

कक्षप्रमुख दौलतरावांनी एकवीस वर्षांच्या सेवेत पुष्कळ आदेश पाहिले होते, पण इतका स्पष्ट एकही नव्हता. त्यांनी तो तात्काळ अमलात आणला. बटणावर कागद चिकटवला. झाडणाऱ्या बाईंना टेबलापासून चार फूट लांब राहायला सांगितले. संगणकचालक सुकेशनीने दर तासाला टक्केवारी नोंदवहीत उतरवायची असे ठरले. 'दहा वाजता बहात्तर. अकरा वाजता बहात्तर. शेरा : प्रगती स्थिर.'

मंगळवारी दुरुस्तीवाल्या गजेंद्रला फोन लावण्यात आला.

"बटन दहा सेकंद दाबून धरा, बंद करा, अन् पुन्ना चालू करा," तो म्हणाला.

"लेखी द्या," दौलतराव म्हणाले.

"लेखी द्याले मशीन तपासा लागते साहेब. अन् तपासाले ते बंद पाह्यजे."

दोघांनाही एकमेकांचे म्हणणे पटले.

बुधवारी हाताने लिहिलेला अहवाल वर गेला : 'उन्नतीकरण बहात्तर टक्के यशस्वी.' गुरुवारी वरून अभिनंदनाचे पत्र आले, कारण शेजारचा कक्ष चाळीसवरच अडकला होता. दाखल्यांसाठी रांगेत थांबलेल्या लोकांनाही बरे वाटले. जिल्ह्यात आपण पुढे आहोत म्हटल्यावर उभे राहायला हुरूप येतोच.

हुरूप आला नाही तो एकट्या प्रयागबाईंना. अनसिंगजवळ त्यांचा मेथी-वांग्याचा मळा. नात तनुजा हिला नर्सिंगला जागा मिळालेली, पण रहिवासी दाखला शुक्रवारी पाचपर्यंत कॉलेजात पोहोचला नाही तर जागा दुसरीला जाणार. दाखला मंजूर होता, छापायचा तेवढा राहिला होता.

शुक्रवारी सकाळी त्या थेट टेबलाशी गेल्या.

"साहेब, हे बंद करून चालू काहून नाही करत?"

"मावशी, त्याच्यावर लिवलं हाय, बंद करू नका."

"आमची मोटर अडली का आमी बटन बंद करतो, पाच मिंट थांबतो, चालू करतो. तिच्यावरबी लय काही लिवलं असते."

"मोटर तुमची हाय. हे शासनाचं हाय."

प्रयागबाई रांगेकडे वळल्या. रांगेत एक्केचाळीस जण होते, त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक.

"तुमी तं शिकेल लोक हा. सांगा ना याइले!"

उपाय सगळ्यांना माहीत होता. मोबाईल अडला की घरी सगळे हेच करत. तरी सगळे पंख्याकडे पाहू लागले. मनाने आपण बाईंच्याच बाजूने होतो, असे नंतर प्रत्येकाने सांगितले.

प्रयागबाईंनी कागद काढला आणि बटण दाबून धरले. सुकेशनीने ओरडायला तोंड उघडले, तोवर पडदा काळा झाला होता. चार मिनिटांनी जुनीच, ओळखीची प्रणाली परत आली आणि प्रिंटर खरखरू लागला. रांगेने टाळ्या वाजवल्या.

दौलतराव मात्र नियमाचे पक्के. शासकीय यंत्र विनापरवानगी बंद केल्याबद्दल चौकशी लागली आणि ती होईपर्यंत प्रयागबाईंचा दाखला राखून ठेवण्यात आला. साक्षीचे काम दौलतरावांनी सुटसुटीत केले. रांगेतल्या प्रत्येकाने 'सदर महिलेस बटण दाबताना मी पाहिले' या ओळीखाली सही करायची आणि आपला दाखला घेऊन जायचे.

"अरे, म्या दाबलं म्हनून तं निंगाले तुमचे कागद!" प्रयागबाई म्हणाल्या.

कोणीही खोटे बोलले नाही. बाईंनी बटण दाबलेच होते. एक्केचाळीस सह्या झाल्या आणि पाचही वाजले.

त्यातली सतरावी सही झोकदार आहे, खाली रेघ आणि दोन टिंबे. ती तुमची. घरी चहा पिताना तुम्ही सगळ्यांना सांगितलेत, "बाई हिमतीची होती हो!" आणि दाखल्याला घडी पडू नये म्हणून तो नीट फाईलमध्ये ठेवलात.