उंदरांवर रागावलेले पुंडलिककाका

शेलूबाजारच्या पुंडलिककाकांचा उंदरांवर राग आहे. घरातल्या नव्हे, प्रयोगशाळेतल्या.

काका शिलाई मशीन दुरुस्त करतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून सकाळी जाता जाता त्यांच्या दुकानात मला हजेरी द्यावीच लागते. काका पेपर दुमडून तयारच असतात.

"सर, पुन्हा उंदीरच बरा झाला."

"काका, आधी उंदरावरच तपासून पाहतात."

"मालूम हाय. त्याची शुगर गेली, टकलावर केस आले. आता म्हणे म्हातारा उंदीर जवान झाला. माणसाचा नंबर कवा लागन?"

रोबोट ऑपरेशन करतो, हे वाचल्यावर त्यांचा एकच प्रश्न होता, "त्याचा हात जाम झाला त तेल कोण देईन?" एकदा त्यांनी मोबाइलमधल्या एआयला दोरा का तुटतो ते विचारलं. त्याने दहा कारणं सांगितली. काका समजुतीने म्हणाले, "दहावं बरोबर निघालं. नवीन हाय बिचारा. मी बी शिकत होतो तवा असाच सांगत होतो."

एका बातमीची मात्र त्यांनी थट्टा केली नाही. विसरण्याच्या आजारावर नवं औषध निघाल्याची ती बातमी होती. पेपर माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "हे खरं हाय?"

"खरं आहे. पण सुरुवातीलाच दिलं तर आजार जरा हळू वाढतो म्हणतात. गेलेली आठवण परत येत नाही."

काकांनी पेपर घडी करून गल्ल्याखाली ठेवला.

त्या रविवारी दुपारी बायकोच्या मशीनचं विचारायला मी त्यांच्या घरी गेलो. काका हत्यारांची पिशवी घेऊन स्वतःच्याच दाराची कडी वाजवत होते. सुनेने दार उघडलं. आतून काकूंनी विचारलं, "कोण हाय?"

"मशीनवाला, बाई."

"या. दोरा तुटून राह्यला."

काका मशीनपाशी बसले. मी गोंधळून पाहतोय हे बघून हळू आवाजात म्हणाले, "नवरा म्हटलं का भेते. परका माणूस घरात घुसला म्हणून रडते. मशीनवाल्याले भेत नाही. लग्नाच्या आधी मी तिच्या घरी मशीनच दुरुस्त करायले गेलो होतो. तेवढाच मी तिले आठवतो."

काकूंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. थोडा वेळ त्या काकांचे हात पाहत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "झालं असन त जा आता. तुमची घरवाली वाट पाहून राह्यली असन."

काकांनी चाक फिरवून पाहिलं. मशीन अगदी छान चालत होती.

"थोडं काम बाकी हाय, बाई," ते म्हणाले, आणि घट्ट बसवलेला स्क्रू त्यांनी पुन्हा सैल केला.