दाजींची होडी आणि भरतीचे दोन हिशेब

कोजागिरीच्या सकाळी दाजींची नवी होडी समुद्रात लोटायची होती. जुनी फुटल्यापासून दीड वर्ष ते दुसऱ्याच्या होडीवर राबत होते. नवी बांधली ती किनाऱ्यावर जरा वरच्या अंगाला, त्यामुळे भरती चुकली तर होडी वाळूतच बसणार होती.

दाजींचा पुतण्या परशुराम आणि त्याचा दोस्त कायतान मुंबईहून रजेवर आले होते. दोघेही एका संस्थेतल्या गणकयंत्रावर कामाला. दोघांनी भरतीची वेळ त्या यंत्राकडून आपापल्या परीने काढून आणली होती.

"अकरा वाजून सतरा मिनिटां," परशुराम म्हणाला. "थेट यंत्राच्या भाषेत लिवलंय. अर्ध्या मिनिटात उत्तर!"

"माझापण तांच," कायतान म्हणाला. "फोरट्रान नावाच्या सोप्या भाषेत. यंत्राक चार मिनिटां लागली, पण माका लिवक एकच सांज. तुका?"

"दोन म्हयने. पण..."

दोर ओढायला आलेल्या भिकाजीला अर्धं मिनिट पटलं. लवूला दोन महिने खुपले. फोरट्रान खायचं की अंगाला लावायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी दोर वाळूत टाकून वीस माणसांचे दोन तट पडले. "पाणी भरला रे!" म्हणून दाजी ओरडत राहिले. पाणी होडीला टेकलं आणि माघारी फिरलं. दोन्ही उत्तरं अगदी बरोबर निघाली.

दाजी मटकन वाळूत बसले. त्यांच्याकडे बघायची कुणाची छाती होईना.

"उद्याची वेळ काय?" त्यांनी विचारलं.

"तारखेचा एकच भोकांचा कार्ड बदलूचा लागात," कायतान पुटपुटला. "पण यंत्र मुंबयत आसा."

दाजींनी बोटं मोजली. "तिथीची पाऊणपट. आज पुनव, पंधराची सव्वाअकरा; सोळाची बारा. उद्या बारा वाजता. पाणी उलीसा कमी, पण चलात."

परशुराम ओशाळला. "दाजी, ह्यां काढूक तुमका येळच लागाक नाय!"

"काढूक नाय रे. पाऊणकीचो पाढो शिकाक दोन वर्सां गेली. मास्तरान बोटां सुजयल्यान."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता सगळ्यांनी दोर धरले आणि परशुरामाला राहवलं नाही. "बघ कायतान, दाजींचापण माझ्यासारखाच! शिकाक येळ, उत्तर झटपट."

"पण पाऊणकी सगळ्या गावाक येता. तुझा लिवलेला तुकाच कळता!"

माणसांच्या माना वळल्या, दोर सैल पडले. दाजींनी पाण्याकडे पाहिलं, मग त्या दोघांच्या खांद्यावर दोर चढवले. "भांडा. एकान बोलूचा, सगळ्यांनी ओढूचा."

"दोन म्हयने!" कायतान ओरडला. होडी वीतभर सरकली.

"अर्धां मिनिट!" आणखी वीतभर.

होडी तरंगली तेव्हा दोघे छातीभर पाण्यात होते आणि दोघांचाही घसा बसला होता. दाजी डोळे पुसत होडीत चढले, वल्हं हातात घेतलं आणि म्हणाले, "आता थांबलात तरी चलात."