उजव्या दाढेचा कौल

सकाळी सव्वासातला ड्रायरमधून काढलेला काजूगर नम्रताने उजव्या दाढेखाली धरला आणि चावला. आवाज आला नाही.

"ओले आहेत. घाला परत," ती म्हणाली.

बाबूने जाळ्या मुकाट्याने आत सरकवल्या. पन्नाशीचा बाबू ड्रायरवर सोळा वर्षं होता आणि त्याच्या बोटांना गर झालेले वाटत होते. पण बोटांना विचारतो कोण? मालगुंडच्या अलीकडे केरूशेठचा हा काजूचा कारखाना होता आणि तिथली रीत बावीस वर्षं एकच होती. बी उकडायची, फोडायची, गर सालासकट वाळवायचा, आणि वाळला की नाही ते नम्रताच्या दाढेने सांगायचं. नीट वाळलेला गर 'टक्' वाजतो. कमी वाळला तर साल निघत नाही, जास्त वाळला तर सोलताना चुरा होतो. केरूशेठ स्वतः ठरवू शकत नव्हते, कारण त्यांच्या तोंडात वरखाली कवळी होती. काजूच्या धंद्यात उभं आयुष्य घालवलेला हा माणूस काजू फक्त कुटून खायचा.

दोन तासांनी नम्रताने दुसरा गर चावला. नुसता सरकल्यासारखा झाला.

"अजून ओलेच."

"वैनी, वास सुटलाय वो," बाबू चाचरत म्हणाला.

"वासावर जाऊ नको रे. मी आहे ना!"

अकरा वाजता काजूंना बदामाचा रंग आला, तेव्हा बाबूनेच देवाचं नाव घेऊन ड्रायर बंद केला.

दुपारी सोलायला बसलेल्या गंगुबाईने पहिल्या गरावर अंगठा टेकवला. त्याच्या दोन पाकळ्या झाल्या. दुसऱ्याचे चार तुकडे झाले. तिसऱ्याचं काय झालं ते मोजता आलं नाही.

"अगो बाय, हे काजू की पापड?"

दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती आणि मुंबईच्या मिठाईवाल्याला दोनशे किलो काजू जायचे होते, तेही अख्खे. केरूशेठ धावत आले. एक तुकडा त्यांनी तोंडात घेऊन इकडून तिकडे फिरवला, जसाच्या तसा बाहेर काढला आणि विचारलं, "नम्रता, तू बघितलेलंस ना?"

"बघितलेलं, शेठ."

"मग बीच खराब!"

झालं. त्यांच्या लेखी विषय संपला. त्यांचा मुलगा सुजय दापोलीहून शिकून आला होता. त्याने मोबाईल पुढे केला. "बाबा, ओलावा मोजायचं मशीन मिळतं. दोन मिनिटांत आकडा देतं."

"आकडा चावून बघता येतो काय?" केरूशेठ म्हणाले. पण मोबाईलकडे त्यांनी नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ बघितलं. ते नम्रताने टिपलं.

त्या संध्याकाळी ती जेवायला बसली. भाजलेला सुका बोंबील ती पाच मिनिटं चावत होती, आणि पाच मिनिटांनंतरही बोंबील बोंबीलच होता. तिला शंका आली. भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून तिने त्याची पट्टी केली, ती उजव्या दाढांमध्ये घट्ट धरली आणि ओढली. पट्टी सुळ्‌कन बाहेर आली. डावीकडेही तेच. पुढच्या दातांत मात्र अशी अडकली की फाटली.

नम्रता आरशासमोर जाऊन हसली. पुढचे दात एका रांगेत, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे. हे हसू तिला तिच्या मुलीने, ईशाने दिलं होतं. ईशा ठाण्याला नोकरी करते. नम्रताच्या भाच्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये आई सगळ्या फोटोंत तोंडावर पदर धरून उभी आहे, हे तिने बघितलं. पुढच्या सुट्टीत ती आईला रत्नागिरीत दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मग चौदा महिने दात ओळीत आणणारे पारदर्शक अलाइनर. जेवताना आणि काजू चावताना काढायचे, बाकी दिवसरात्र दातांवर. शेवटचा जोड गेल्या आठवड्यात संपला, आता फक्त रात्रीचे साचे उरले होते. दोनेक महिने 'टक्' जरा लांबून येतोय असं तिला वाटत होतं. पण पुढचे दात इतके सुरेख जमत चाललेले असताना मागच्यांची चौकशी करणं तिला कृतघ्नपणाचं वाटलं होतं.

आता काय करायचं? ईशाला सांगितलं तर पोरीचं तोंड उतरेल. कारखान्यात सांगितलं तर दुसऱ्या दिवशी मशीन येईल, आणि बावीस वर्षांच्या मानावर पाणी पडेल. नम्रताने ठरवलं, कुणालाच सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पुढच्या दातांनी चावून बघितलं. डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज काही आला नाही. मग तिने युक्ती केली.

"गंगुबाई, ये गो. हा गर खाऊन सांग, गोड आहे का?"

गंगुबाईने गर तोंडात टाकला. नम्रता तिच्या गालाला कान लावून उभी राहिली.

"अगो, काय करतेस? पापा घेतेस की काय?"

"गप. चाव."

आतून टक् असा खणखणीत आवाज आला. "झाले! काढ रे बाबू."

मशेरीने पोखरलेल्या गंगुबाईच्या दाढेवर एक चांदी बसवलेली होती आणि तिच्यावर ओला, सुका, काहीही ठेवलं तरी वाजायचं, हे नम्रताला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्या दिवशीच्या गरांची साल एक निघेल तर शपथ. बायकांची नखं दुखून आली.

काल करपले, आज ओले. केरूशेठनी मेकॅनिक बोलावला. त्याने ड्रायर पूर्ण उघडला, पूर्ण जोडला, आणि "काही बिघाड नाही" म्हणून तीन स्क्रू हातावर ठेवून निघून गेला. त्यानंतर ड्रायर गुरगुरायला लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी केरूशेठनी सगळ्यांना अंगणात गोळा केलं. "बी बदलून बघितली. ड्रायर बघितला. आता उरला कोण? बाबू! जाळ्यांपाशी झोपतोस तू. उद्यापासून येऊ नको."

"शेठ, सोळा वर्षांत मी—" बाबू पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागला.

नम्रताने एकदा बाबूकडे बघितलं, मग पुढे होऊन सगळ्यांसमोर दात मिटले आणि बोटाने गाल मागे ओढून धरला.

"काय गो?" केरूशेठ दचकले.

"बघा. दात मिटल्येत, तरी मागे फट आहे. माझ्या दाढा एकमेकींना लागतच नाहीत. बाबूची काही चूक नाही. काजू पहिल्या दिवशी सकाळीच झालेले. मीच दोनदा... मलाच कळलं नाही." मग ती हळूच म्हणाली, "मागवा मशीन."

केरूशेठ वाकून तिच्या तोंडात बघत होते. "त्या डॉक्टरनं काय केलंन हे? पुढनं देऊळ बांधलंन, मागनं पाडलंन!"

"मशीन आठ दिवसांनी येईल," सुजय मोबाईल बघत म्हणाला. "ऑर्डर सोमवारी जायचीय."

"मग दात शोधा!" केरूशेठ गरजले.

तिथल्या तिथे दातांची भरती सुरू झाली. चौदा बायका आणि चार पुरुष रांगेत आ करून उभे राहिले आणि नम्रता मोबाईलचा दिवा लावून एकेकाच्या तोंडात बघत पुढे सरकू लागली. बाबूची उजवी दाढ काढलेली, डावी हलत होती. गंगुबाईच्या तोंडातली चांदी बघून नम्रताने कपाळाला हात लावला. कुणाच्या किडलेल्या, कुणाच्या झिजलेल्या. अठराही तोंडं नापास झाली. ती वळली, तर मागे सुजय जांभई देत होता.

"थांब. मिटू नको!"

सुजयच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात होते, वरचे खालच्यांवर डब्याच्या झाकणासारखे बसलेले.

"काकी, मी फूड टेक्नॉलॉजिस्ट आहे," तो म्हणाला.

"उत्तम. चाव."

पहिल्या दिवशी त्याला काहीच कळलं नाही. "टक् वाजला की कट्?" नम्रता विचारायची. "आवाज म्हणजे आवाज ना, काकी!" "नाय रे मेल्या. कट् म्हणजे पुढे गेला. टक् म्हणजे झाला. परत चाव." चाळीस काजू खाऊन त्याचं पोट बिघडलं, पण चौथ्या दिवशी त्याने डोळे मिटून बाबूला हात केला, "काढा!" आणि गंगुबाईच्या अंगठ्याखाली साल शर्टासारखी उतरली. ऑर्डर सोमवारी गेली. पहिल्या दिवसाचा चुरासुद्धा मिठाईवाल्याने कतलीसाठी घेतला.

त्यानंतरच्या रविवारी नम्रताने ईशाला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं.

"आई! दर आठवड्याला विचारत होते, नीट चावता येतंय ना? तू म्हणायचीस, मस्त!"

"मस्तच दिसत होतं गो."

रत्नागिरीच्या दातांच्या डॉक्टर मृणालीने दाढांत चावा तपासायचा निळा कागद धरून बघितला. "दिवसाचे बावीस तास मागे प्लास्टिकची जाडी होती ना, त्याने दाढा जरा दबल्यात. तेव्हाच यायचं होतं, काकू." तिने रात्रीच्या साच्यांचा मागचा भाग कापून टाकला. "आता त्यांना मोकळी जागा आहे. बहुतेक वेळा हळूहळू येतात परत. नाहीच आल्या तर पुढचं बघू. दर महिन्याला मला दाखवायचं."

मशीन आलं. बाबूने ते फडताळात ठेवलं, कारण केरूशेठचा प्रश्न कायम होता: आकडा बरोबर की चूक हे सांगायला सुजयला चावावं लागणारच, मग आकडा कशाला? पूर्वी दहाला येऊन केबिनमध्ये बसणारा सुजय आता सातला ड्रायरपाशी हजर असायचा. बाबूबरोबर बिडीच्या धुरात उभा राहून जाळ्यांबद्दल वाद घालायचा. नम्रता शेजारी बसून त्याच्या चुका काढायची.

शिमग्याच्या आदल्या दिवशी, नवी बी कारखान्यात आलेली असताना, सुजयला यायला थोडा उशीर झाला. नम्रताने सहज एक गर उचलला आणि उजव्या दाढेखाली धरला.

टक्.

तिने दुसरा चावला. टक्. डावीकडे. टक्. ईशाला फोन लावावा म्हणून तिने मोबाईल काढला, तोच सुजय धापा टाकत आला.

"सॉरी काकी! काढले नाहीत ना? तुम्ही चावून बघितलं? वाजला?"

त्याच्या केसांचं पाणी अजून गळत होतं. पोरगा अंघोळ अर्धी टाकून आला होता. नम्रताने तोंडातला काजू घाईने गिळला.

"छे रे. मला कुठला आवाज येतोय? तू बघ."

सुजयने एक गर निवडला, डोळे मिटले, चावला. बाबू जाळ्यांना हात लावून तयार उभा होता.

"झालेत!"

"तू म्हणतोस ना? मग झाले," नम्रता म्हणाली, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा सव्वासातला चहा प्यायला निघून गेली.